सुपारीचं वळण

कोल्हापूरची माणसं कोकणात जातात ती समुद्रासाठी. आम्ही आठवडाभर समुद्रापासून चार-पाच किलोमीटरवर राहिलो आणि एक दिवस सोडला तर पाण्याकडे फिरकलोसुद्धा नाही. परत आल्यावर शेजारी विचारायला लागले, दिवेआगरला काय काय बघितलं? मी म्हणायचो, एक वळण बघितलं. ते हसायचे. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

माझी मुलगी सई सोळा वर्षांची आहे. नऊ वर्षांची असल्यापासून ती कार्ट चालवते. कार्ट म्हणजे जमिनीला घासून पळणारी शर्यतीची छोटी उघडी गाडी. तिला दार नाही, टप नाही, स्प्रिंगा नाहीत. खालचा प्रत्येक खडा मणक्याला कळतो. आमच्या गावात या खेळाचं वेड आहे आणि उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप, त्यामुळे गाडीचा अॅक्सल मी घरीच करून द्यायचो. सई तिसरी यायची, चौथी यायची. पहिली कधी आली नाही. सरळ रस्त्यावर तिला कुणी गाठत नसे, पण घट्ट वळण आलं की तिच्या अंगावरून दोघं-तिघं निघून जायचे.

गेल्या पावसाळ्यात ती संध्याकाळी घरातल्या स्टुलांना धडकायला लागली. आम्ही ओरडलो, लक्ष कुठं असतं तुझं? मग पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा कडेकडेनं निकामी होत चाललाय. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं. पाइपमधून बघितल्यासारखं दिसायला लागतं आणि पाइप बारीक होत जातो. औषध नाही. शर्यती बंद. रस्त्यावर वाहन कधीच नाही.

सईनं तिथंच विचारलं, "एकटी असेन, मोकळा ट्रॅक असेल, उजेड असेल, तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "एकदा चालवून घे," म्हणाले. "आणि मग सोड."

घरी तिची आई म्हणाली, "जे सोडायचंय ते आणखी शिकायला कशाला जायचं? जास्तच लागेल तिला." सईच बोलली. "घट्ट वळण मला कधी जमलं नाही, आई. एकदा जमू दे. मग सोडतो मी."

आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, आलो, गेलो, सोडतो. तिकडे कोकणात याचं सगळ्यांना नवल वाटलं.

बोर्ली पंचतन

महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरलो, महाड, माणगाव, म्हसळा करत रविवारी दुपार कलताना बोर्लीत पोचलो. भातकापणी होऊन गेली होती. शेतं मोकळी होती आणि घराघराच्या बाजूला पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. बाजारात दिवेआगरहून परतणाऱ्या गाड्यांची गर्दी. आम्हाला मात्र बाजार ओलांडून आत जायचं होतं, नासिरभाईंच्या वाडीत.

नासिरभाई पन्नाशीचे. दुबईला एका कार्टच्या ट्रॅकवर आधी गाड्या दुरुस्त करायचे, पुढे शिकवायला लागले. वडील आजारी पडले म्हणून परत आले आणि इथलेच झाले. सुपारीची बाग आणि भातशेती यांच्या मधल्या जागेत त्यांनी छोटा ट्रॅक केलाय. शनिवार-रविवारी पर्यटक येऊन भाड्याच्या गाड्या फिरवतात. बाकीचा आठवडा तिथं बगळे फिरतात. सईच्या कोल्हापूरच्या सरांनी त्यांचं नाव दिलं होतं. फोनवर मी त्यांना डोळ्यांचं सगळं सांगितलं होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले होते, "या. इथं सकाळचं ऊन चांगलं असतं."

त्यांच्या घरीच उतरलो. त्यांच्या आईला सगळे अम्मी म्हणत. अम्मींनी सईचा हात धरला आणि विचारलं, "थकलीस काय गो?"

"नाही, गाडीत झोपलो होतो," सई म्हणाली.

अम्मी हसायला लागल्या. "ऐकलंस काय नासिर? ही झोपलो म्हणते!"

जेवायला तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि तळलेली मांदेली होती. ज्वारीच्या भाकरीवर आणि तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला हे मवाळ जेवण सुरुवातीला कळत नाही. तिसऱ्या घासाला कळतं. चौथ्या घासाला माझ्या घशात काटा अडकला आणि अम्मींनी मला सुका भात गिळायला लावला. सई पोट धरून हसली. कित्येक महिन्यांनी तिला तशी हसताना बघत होतो, म्हणून काटा निघाला तरी मी थोडा वेळ खोकत राहिलो.

जेवून अंगणातून पलीकडच्या खोलीत जायचं होतं. दिवेलागण झाली होती. आम्हा सगळ्यांना अंगण दिसत होतं. सईनं काही न बोलता माझ्या शर्टाचं टोक पकडलं. नासिरभाईंनी ते बघितलं आणि पुढे होऊन वाटेतली बादली उचलून बाजूला ठेवली.

ट्रॅकवर

सोमवारी सकाळी दव वाळल्यावर सुरुवात झाली. हेल्मेट घालण्याआधी नासिरभाईंनी तिला समोर बसवलं.

"बेटा, एक सरळ विचारतो. शिकून काय करणार?"

"काही नाही," सई म्हणाली. "यायला पाहिजे मला. एवढंच."

"बरं. मग घाई नाही आपल्याला."

ट्रॅक सोपा आहे. सुरुवातीला दोन लांब वळसे, मग उन्हातून सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी एकदम मागे फिरणारं वळण, अगदी सुपारीच्या बागेला लागून. चुकलं तर लागू नये म्हणून बाहेरच्या बाजूला पेंढ्याचे भारे रचलेले. सईनं गाडी काढली. तिचा आवाज मी डोळे मिटूनही ओळखतो. लांब वळशांत तो सलग होता, सरळ रस्त्यावर चढत गेला, आणि सुपारीपाशी आल्यावर तुटला. तिनं मध्येच पाय उचलला, पुन्हा दाबला, गाडी गर्रकन फिरली आणि पेंढ्यात जाऊन बसली.

दिवसभर तेच झालं. मंगळवारी ब्रेकचा दांडा वाकला. बोर्लीच्या बाजारात एका वेल्डिंगच्या दुकानात जाऊन मी तो सरळ करून आणला. दुकानदारानं विचारलं, "पोरगा चालवतो का?" मी म्हटलं, पोरगी. "काय धाडस तरी," तो म्हणाला. मी मान हलवली. त्याला पुढचं कशाला सांगायचं?

परत आलो तेव्हा नासिरभाई आणि सई वळणावर उभे होते.

"तिथं भीती वाटते का तुला?"

"नाही."

"मग पाय का उचलतेस?"

सईनं वळणाकडे बोट केलं. "काका, तिथं अंधार होतो."

नासिरभाईंनी वर बघितलं. मीही बघितलं. अकरा वाजले असतील. सुपारीची सावली वळणावर आडवी पडली होती, विरळच. मला तिथं नुसतं गार वाटलं होतं. ते तिला उन्हात घेऊन गेले, थोडं थांबले, मग हाताला धरून सावलीत आणलं. "आता सांग, मी किती बोटं धरलीत."

"थांबा." ती डोळे ताणून बघत राहिली. बाजूच्या झाडावर खार चिरचिरत होती, तिचं चिरचिरणं संपलं, मग सई म्हणाली, "तीन."

एवढ्या वेळात गाडी वळणातून बाहेर पडून पार दुसऱ्या टोकाला पोचली असती.

"म्हणजे या वळणात तू आंधळी असतेस," नासिरभाई म्हणाले.

आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरांनीही नाही. माझ्या हातातला दांडा मी घट्ट धरला. काहीतरी बोलणार होतो, तर सईचा चेहरा दिसला. ती रागावली नव्हती. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तशी तिनं मान सैल सोडली होती.

"हो," ती म्हणाली.

"उद्यापासून उलट्या बाजूनं चालवू. मग सावलीतून निघालीस की पुढे सरळ रस्ता मिळेल. सोपं जाईल."

"नको. हेच जमायला पाहिजे."

मग त्यांनी तिला ते वळण चालत शिकवलं. रस्त्यावर खडूनं रेघ मारली, सावली सुरू होते त्याच्या बरंच आधी. "ब्रेक इथं. उन्हात मारायचा आणि उन्हातच सोडायला लागायचा. सावलीत शिरताना हात आधीच वळलेले पाहिजेत. आत गेल्यावर बघायचा प्रयत्न करू नकोस. गाडी बुडाखाली काय करते तेवढं समजून घे. आतलं मागचं चाक जरासं उचललं की ती स्वतः फिरते. तू स्टिअरिंग ओढतेस म्हणून ती अडते."

दोघं ती रेघ ते वळण, वळण ते रेघ, पुन्हा पुन्हा चालत राहिली. सई चालताना हात पुढे धरून नसलेलं स्टिअरिंग फिरवायची. मी बांधावर बसून होतो. पलीकडच्या शेतात एक बाई वालाच्या रोपांना पाणी घालत होती. ती थांबून त्यांच्याकडे बघायची, मग पुन्हा पाणी घालायची.

बुधवारी सई पेंढ्यात गेली ती दोनदाच. गुरुवारी दुपारी एकदा आवाज तुटला नाही. वळणातून गाडी अशी बाहेर आली की मी उठून उभा राहिलो. पण पुढच्या फेरीला पुन्हा तुटला. "पहिलं चुकून झालं," हेल्मेट काढत ती म्हणाली. "ते धरायचं नाही."

रेवदंडा

शुक्रवारी नासिरभाई ट्रॅक बंद ठेवतात. आईसाठी सुके मासे न्यायचे असं सईनं ठरवलं होतं, आणि अम्मी म्हणाल्या की घ्यायचं तर रेवदंड्याला जाऊन घ्या. दिघीला गाडी जंगलमध्ये चढवली. जंगल म्हणजे गाड्या आणि माणसं एकत्र नेणारी मोठी बोट. पलीकडे आगरदांड्याला उतरलो आणि मुरूड, काशीद करत किनाऱ्यानं वर गेलो. रस्ता इतका देखणा की बोलावंसं वाटत नव्हतं. समुद्र डाव्या हाताला होता. सई माझ्या डाव्या बाजूला बसली होती, तरी तो बघायला तिला पूर्ण मान वळवावी लागत होती.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगलेले होते, ओळीनं, तोंडात तोंड अडकवून. आमच्याकडे मिरच्या वाळत घालतात तसा इथं जमिनीवर जाळी अंथरून बारीक कोलंबीसारखा जवळा पसरलेला. सई वर बोंबील बघत चालली होती. मी "सई, खाली" म्हणेपर्यंत तिचे दोन्ही बूट जवळ्यात गेले होते.

"आगो ए! डोलं कुठं ठेवलंस? दिसत न्हाय का तुला?" एक कोळीण टोपली टाकून धावत आली.

"नाही दिसत, मावशी," सई म्हणाली. "समोरचं दिसतं. कडेचं नाही."

बाई थांबली. तिनं सईच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना आपले हात धरले, पुण्याच्या डॉक्टरांनी धरले होते तसेच. "ह्यो हात दिसतो?"

"नाही."

हात पुढे सरकवत आणले. "आता?"

"नाही. हां, आता दिसला."

हात जवळजवळ नाकासमोर आले होते. पुण्यात होते त्यापेक्षा पुढे. मला ते तिथंच कळलं, उन्हात, वाळत्या माशांच्या वासात. सईलाही कळलं असणार. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

त्या बाईचं नाव हिराबाई. तिनं सईला उलट्या टोपलीवर बसवलं आणि पाणी आणून तिचे बूट धुतले. सई नको नको म्हणत होती. "बस गो," हिराबाई म्हणाली, आणि मान वर न करता मला विचारलं, "आजून कमी व्हनार का?"

सई समोर होती. खोटं बोलता येईना. "हो," मी म्हटलं.

"पार?"

"सांगता येत नाही म्हणतात."

देव बघेल, सगळं नीट होईल, असं काहीतरी ती म्हणेल असं मला वाटलं. गेले काही महिने सगळे तेच म्हणत होते. हिराबाईनं पदराला हात पुसले आणि सईला उठवलं. "आमची खाडी बघितलीस? न्हाय ना? चल."

मी मागेच राहिलो. दोघी धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या. हिराबाईनं तिचे खांदे धरले आणि तिला थोडं थोडं वळवत एकेक होडी दाखवायला लागली. ही कुणाची, ती कुणाची, तो लाल झेंडा कुणाचा, ते पलीकडचं कोर्लई. तिचा चढा आवाज मला ऐकू येत होता. सईचं उत्तर ऐकू येत नव्हतं. सगळ्या होड्या संपल्यावर तिनं सईला पुन्हा पहिल्या होडीकडे वळवलं आणि पुन्हा सुरुवात केली.

जवळा आणि बोंबील घेऊन निघालो. परतीच्या बोटीवर सई कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली, "पप्पा, उद्या सकाळी शेवटचं. आणखी दिवस मागायचे नाहीत. तुम्हीपण मागू नका."

मी मागणार होतो. तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

शनिवार

पर्यटक यायच्या आत सईचं आटोपायचं होतं. ऊन वर यायची वाट बघत आम्ही चहा घेतला. नासिरभाईंनी चाकांतली हवा स्वतः बघितली, साखळीला तेल दिलं. "जितकं चालवायचं तितकं चालव," म्हणाले. "मी मोजत नाही."

पहिल्या दोन-तीन फेऱ्या तिनं सावकाश काढल्या. मग आवाज चढला. सरळ रस्ता, उन्हातला ब्रेक, हात वळले, आणि गाडी सावलीत शिरली ती आवाज न तुटता. पेंढ्याच्या कडेनं सरकत, आतलं चाक केसभर उचलून ती बाहेर आली. पुढच्या फेरीला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या फेरीला आणखी चांगलं. नासिरभाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "बघा, मानेभाई," ते म्हणाले. "बघून घ्या."

मी बघत होतो. तेवढ्यात मागे फाटक वाजलं. पर्यटकांची पहिली गाडी लवकर आली होती आणि त्यांनी आत येताना फाटक उघडंच टाकलं. अम्मींच्या शेळ्या तिथंच चरत होत्या. त्यांतली एक करडासकट आत घुसली आणि बागेच्या कडेनं थेट वळणाकडे पळाली.

नासिरभाई लाल झेंडा घेऊन धावले. सई सरळ रस्त्यावर आली होती. ते तिच्या डाव्या बाजूला, रस्त्याला अगदी लागून, डोक्यावर झेंडा नाचवत ओरडत होते. तिच्यापासून दोन हातांवर. ती त्यांच्या शेजारून गेली. तिचं हेल्मेट जरासुद्धा हललं नाही. खडूच्या रेघेवर ब्रेक, हात वळले, सावली. शेळी मागे फिरली. करडू रस्त्यातच थबकलं आणि गाडी त्याच्या शेपटाला वारा घालत वळणातून बाहेर पडली.

त्या आठवड्यातली सगळ्यात सुंदर फेरी तीच होती.

ती माझ्यासमोर येऊन थांबली, हेल्मेटची काच वर केली. चेहरा फुललेला. "पप्पा, आत्ताचं बघितलं? काका, आत्ताचं कसं होतं?"

नासिरभाई धापा टाकत आले. झेंडा त्यांच्या हातात होता, आणि आता तो तिच्या समोर असल्यामुळे तिला दिसला. ती झेंड्याकडे बघत राहिली.

"हा कधी दाखवलात?"

नासिरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नको सांगायला. आज घरी जायचंय, परत ती कधी बसणारही नाही, हा आनंद तिच्याजवळ राहू दे. पण तीच तर इथं आली होती एक गोष्ट खरी जमावी म्हणून. गुरुवारचं चुकून झालेलं वळण तिनं धरलं नव्हतं.

"याच फेरीत," मी म्हटलं. "वळणात शेळी आली होती. करडू थोडक्यात वाचलं. काका तुझ्या शेजारून झेंडा दाखवत होते."

"किती शेजारून?"

मी हातानं अंतर दाखवलं.

तिनं वळणाकडे मान फिरवली. करडू आता आईला ढुशा देत दूध पीत होतं. सईनं हात पुढे केला आणि स्वतःच इंजिन बंद केलं. हातमोजे काढले, मग हेल्मेट. केस घामानं कपाळाला चिकटले होते. ती गाडीतच बसून राहिली. पर्यटक लांबून मोबाइलमध्ये फोटो काढत होते.

"करडाला लागलं नाही ना?"

"नाही, बेटा."

"मग आता सांगा. वळण कसं होतं?"

नासिरभाई तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "दुबईत कितीतरी पोरं शिकवली," ते म्हणाले. "इथं या वळणात मी स्वतः रोज चालवतो. असं माझं एकदाही झालेलं नाही."

सईनं मान हलवली आणि गाडीतून उतरली.

अम्मींनी वाटेत खायला सांदणं बांधून दिली. निघताना त्यांनी सईच्या तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा ये म्हणाल्या. "येतो," सई म्हणाली. या वेळी त्या हसल्या नाहीत.

म्हसळा गेलं, माणगाव गेलं, महाड मागे पडलं. पोलादपूरच्या पुढे रस्ता चढायला लागला आणि माझ्या शेजारून हुंदका ऐकू आला. पुण्याच्या त्या दिवसापासून ती एकदाही रडली नव्हती. आता रडली ती अगदी लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. बोंबलांचा वास गाडीभर झाला होता. खाली सावित्रीचं खोरं उन्हात पसरलं होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं नाक पुसलं, खिडकीची काच खाली केली.

"थांबलात कशाला, पप्पा? उजेड आहे तोवर घाट चढूया की. मला दरी बघायची आहे."

मी गाडी सुरू केली.